अप्पांचा शेवटचा आकडा

१

अप्पा सापडले ते रविवारी सकाळी, बेटाच्या पश्चिम कड्याखाली, पाण्यात पालथे. होडीवाल्याला आधी लांबून ती वाहत आलेली ताडपत्री वाटली आणि त्याने होडी तशीच पुढे काढली. मग त्या ताडपत्रीला हात दिसला.

अप्पा म्हणजे पक्षी मोजणारा माणूस. दर वर्षी अंडी घालायच्या हंगामात ते बेटावरच्या लाकडी खोलीत एकटे राहायचे आणि सुरयांची घरटी मोजायचे. सुरय हा काळ्या टोपीचा, पांढराशुभ्र, भांडखोर समुद्रपक्षी. जमिनीत खळगा करून अंडी घालतो आणि जवळ येईल त्याच्या टाळक्यावर चोच मारतो. अप्पांच्या टकलावर त्या चोचींचे वण होते आणि ते पाहुण्यांना कौतुकाने दाखवत. मोजणी संपली की फोनवरून तिघांना एकच निरोप जायचा: किनाऱ्यावरच्या पक्षी केंद्राच्या प्रमुखांना, मुलीला आणि जावयाला. शब्द एकही नाही, नुसता आकडा.

या वर्षीचा आकडा शनिवारी सूर्य बुडताना आला होता. २५७६.

कड्यावरून पडण्याआधीच अप्पांच्या डोक्यात मागून दगड बसला होता, हे डॉक्टरांनी ठामपणे सांगितलं. वेळेचं मात्र त्यांना ठाम सांगता येईना. अंग पाण्यात भिजत पडलेलं. शुक्रवार दुपारपासून शनिवार रात्रीपर्यंत केव्हाही, म्हणाले. पण आकडा शनिवारी संध्याकाळी आला होता, तेव्हा त्या क्षणापर्यंत अप्पा जिवंत असणारच. आणि शनिवारी बेटावर एकच माणूस गेला होता.

"जावई," वरिष्ठ फोनवर म्हणाले. "सासऱ्याशी त्याचं वाजलं होतं, सगळ्या गावाला माहीत आहे. उद्या बेटाबद्दल समितीची बैठक आहे. त्याआधी त्याला आत घ्या आणि मोकळ्या व्हा."

निरीक्षक बाई "बरं" म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. पोलिसात येण्याआधी त्या संख्याशास्त्र शिकल्या होत्या. पाकीटमारीच्या तक्रारीतही या सरासरी काढतात, अशी चौकीत त्यांची टिंगल व्हायची. पाठीमागे सगळे त्यांना बेरीजबाई म्हणत. बाईंना ते माहीत होतं, आणि त्यांना ते नाव फारसं वाईटही वाटत नव्हतं.

२

अप्पांची मुलगी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. चहा ठेवला होता, तो उकळून उकळून आटत आला होता.

"बाबा आणि हे बोलत नव्हते," ती म्हणाली. "हिवाळ्यापासून."

"कशावरून?"

"रेषेवरून." ती स्वतःच खजील झाल्यासारखी दिसली. "ऐकायला वेडेपणा वाटेल. यांनी बाबांचे सगळ्या वर्षांचे आकडे घेतले आणि त्यातून एक वक्ररेषा काढली. आधी पक्षी वाढत गेले, मग थांबले, आता कमी होणार, असं ती सांगते. प्रमुख साहेबांनी ती समितीपुढे नेली. आणखी दहा वर्षांत बेट रिकामं होणार, मग तिथे मालधक्का बांधायला काय हरकत आहे, असं चाललंय. बाबा यांना म्हणाले, तू माझेच आकडे घेऊन माझ्याच पक्ष्यांचा गळा घोटलास."

"आणि तुमचे यजमान?"

"ते म्हणाले, मी फक्त गणित केलं." तिने गॅस बंद केला. "शनिवारी दुपारी ते बेटावर गेले होते. तुम्हाला त्यांनी सांगितलं ना, धक्क्यावरून हाका मारल्या, बाबांनी ओ दिली नाही म्हणून परत आलो?"

"हो."

तिने पातेल्यावर झाकण ठेवलं. बाहेर शेजारणीचा नळ वाहत होता, तेवढाच आवाज.

"त्यांच्या शर्टाच्या खांद्यांवर पक्ष्यांची शिट होती," ती शेवटी म्हणाली. "धक्क्यावर पक्षी नसतात. घरट्यांमध्ये शिरल्याशिवाय असं होत नाही. आणि आल्या आल्या तो शर्ट त्यांनी स्वतः धुतला. लग्नाला नऊ वर्षं झाली, या माणसाने कधी रुमाल धुतला नाही."

बोलून झाल्यावर तिने तोंडावर हात ठेवला. आपण काय बोललो हे तिला तेव्हा कळलं होतं.

३

जावई पक्षी केंद्रात सापडला. तो दर्शनी दालनात, भिंतीवरच्या मोठ्या आलेखासमोर खुर्ची टाकून बसला होता. गेल्या वर्षापर्यंतचे पंधरा ठिपके, त्यांच्यामधून जाणारी एक कमान, आणि खाली ठळक अक्षरांत सूत्र: १२०० + ३१० क्ष – १४ क्ष².

"तुम्ही खोटं बोललात," बाई म्हणाल्या. "तुम्ही वर घरट्यांमध्ये गेला होतात."

त्याने नाकारलं नाही. उलट, कधीतरी कुणीतरी हे विचारावं म्हणूनच थांबल्यासारखा तो म्हणाला, "गेलो होतो. खोलीत अप्पा नव्हते. दक्षिणेच्या उतारावर असतील म्हणून तिकडे गेलो. माफी मागायची होती. अर्धं भाषण पाठ करून गेलो होतो."

"मग?"

"अप्पा दिसले नाहीत. घरटी दिसली." त्याने दोन्ही हात पसरले. "पाय ठेवायला जागा नव्हती. इतकी दाटी मी तिथे कधी पाहिली नाही. तिथेच कळलं की माझी रेषा चुकली. आणि आता अप्पा ते बैठकीत सगळ्यांसमोर सांगणार. मग मला त्यांना भेटायचं धैर्य झालं नाही. पळून आलो म्हणा. संध्याकाळी आकडा आला, दोन हजार पाचशे शहात्तर. गेल्या वर्षीपेक्षा कमी." त्याचा आवाज खाली गेला. "मला सुटल्यासारखं वाटलं, बाई. तिकडे तो माणूस पाण्यात पडलेला, आणि इकडे मला सुटल्यासारखं वाटलं. हे मी बायकोला कोणत्या तोंडाने सांगू?"

खरं बोलणारी माणसं पुष्कळदा अशीच बोलतात. पण खोटं बोलणारी हुशार माणसंही अशीच बोलतात. बाई आलेखाजवळ गेल्या.

दाटी एवढी, आणि आकडा कमी. एक तर हा थापा मारतोय, नाहीतर आकडाच खोटा. आणि आकडा खोटा असेल तर तो कुणीतरी कुठूनतरी काढला असणार. कुठून? बाईंनी कमानीकडे पाहिलं. ज्याला मोजायचं नसतं, तो सूत्रातून काढतो.

"या वर्षी तुमच्या सूत्रातून किती येतं?"

"सत्तावीसशे," तो लगेच म्हणाला. "क्ष म्हणजे पहिल्या मोजणीनंतर गेलेली वर्षं. पहिल्या मोजणीला शून्य, म्हणून सुरुवात बाराशेपासून. आता पंधरा."

बाईंनी मनात करून पाहिलं. तीनशे दहा गुणिले पंधरा, चार हजार सहाशे पन्नास. पंधराचा वर्ग दोनशे पंचवीस, चौदापट एकतीसशे पन्नास. सत्तावीसशे बरोबर होते. आणि अप्पांचा आकडा त्याच्या एकशे चोवीसने खाली.

त्यांची निराशा झाली. खोटा आकडा असता तर तो कमानीवर नेमका बसला असता, अशी त्यांची अटकळ होती. भिंतीवरच्या ठिपक्यांपैकी एकही कमानीवर नेमका नव्हता. कुणी शंभराने वर, कुणी साठने खाली. जिवंत गोष्टी मोजल्या की असंच होतं. कुठल्या वर्षी वादळ येतं, कुठल्या वर्षी मासळी कमी पडते. कमान फक्त त्या सगळ्यांच्या मधून वाट काढते. अप्पांचा शेवटचा ठिपकाही तसाच पडत होता, थोडा खाली, अगदी खऱ्यासारखा.

म्हणजे आकडा खरा. म्हणजे दाटी खोटी. म्हणजे हा माणूस.

"गावाबाहेर जाऊ नका," त्या म्हणाल्या. त्याने मान हलवली. बेड्या आता निघतील की मग, एवढंच तो पाहत होता.

४

केंद्रप्रमुखांनी बाईंना दारापर्यंत येऊन आत नेलं. त्यांचा पोशाख नीटस होता आणि आवाज मऊ. टेबलावर मालधक्क्याशेजारी होणाऱ्या केंद्राच्या नव्या इमारतीचा पुठ्ठ्याचा नमुना होता, त्यात झाडंही लावलेली.

"मी शुक्रवारी गेलो होतो त्यांना भेटायला," ते म्हणाले. "खुशाली विचारली, थोडं बसलो. अप्पा मला सोडायला धक्क्यापर्यंत आले, हात केला. उद्या मोजणी संपवतो म्हणाले. शनिवारी पहाटेच मी परिषदेसाठी शहरात गेलो. दिवसभर व्यासपीठावर होतो, संध्याकाळी जेवायला पन्नास माणसं सोबत. तिथेच त्यांचा आकडा आला. मी शेजारच्यांना दाखवलाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "रविवारी हा फोन आला."

"तुमचं आणि अप्पांचं कसं होतं?"

"माणूस हट्टी, पण सोन्यासारखा. त्यांना वाटायचं, मला बेट नकोय. बेट कुणाला नकोसं असेल? पण गणितापुढे कुणाचं चालतं? बाराशे अधिक तीनशे दहा क्ष, वजा चौदा क्षचा वर्ग." ते खिन्न हसले. "समितीपुढे इतक्यांदा म्हटलंय की आता झोपेतसुद्धा येतं. पक्षी जाणारच आहेत, बाई. मग निदान केंद्र तरी टिकवावं, एवढंच माझं म्हणणं."

बाई उठल्या. प्रमुख त्यांच्यासोबत दारापर्यंत आले.

"जावयाला आज नेणार का?" त्यांनी हळूच विचारलं. "वाईट वाटतं. मीच त्याला इथे नोकरी दिली. केंद्राचं हे सोळावं वर्ष. सोळा वर्षांत इथे साधी चोरी झाली नाही."

बाहेरच्या व्हरांड्यात बाई चार पावलं चालल्या आणि थांबल्या. एक शिपाई कागदांचा गठ्ठा घेऊन येत होता, तो त्यांना चुकवून बाजूने गेला.

सोळावं वर्ष.

त्यांनी भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटले. तीनशे दहा गुणिले सोळा, चार हजार नऊशे साठ. त्यात बाराशे, सहा हजार एकशे साठ. सोळाचा वर्ग दोनशे छप्पन्न. चौदापट, तीन हजार पाचशे चौऱ्याऐंशी. वजा केले.

दोन हजार पाचशे शहात्तर.

५

होडीवाल्याने इंजीन सुरू केलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. बाई पुढच्या फळीवर बसल्या होत्या. कालपर्यंत या माणसाला सगळ्यांनी शनिवारबद्दल विचारलं होतं. त्यांनी विचारलं, "शुक्रवारी काय झालं?"

"शुक्रवारी?" त्याला आश्चर्य वाटलं. "काही नाही. साहेबांना नेलं, आणलं. मी धक्क्याशी जाळं सांधत बसलो होतो."

"काही ऐकू आलं?"

"तिथे काय ऐकू येणार, बाई? पाखरं एवढी कालवा करतात की स्वतःचं खोकणंही ऐकू येत नाही."

"अप्पा सोडायला आले?"

होडीवाल्याने सुकाणू थोडं वळवलं. "नाही आले, हेच जरा खटकलं. मी गेलो की ते यायचेच. मला शिव्या देण्यासाठी तरी यायचे, माझी जाळी बेटाच्या फार जवळ असतात म्हणून. साहेब म्हणाले, त्यांचं डोकं दुखतंय, पडलेत खोलीत." "साहेबांची पायताणं ओली होती. मला वाटलं, चढताना घसरले असतील."

बेटावर पाऊल टाकताच पक्षी उठले. आभाळ पांढरं झालं आणि ओरडू लागलं. बाईंच्या टोपीवर ठणाठण चोची बसत होत्या. होडीवाल्याने वल्हं उभं धरलं, तेव्हा पक्षी त्या उंच टोकाकडे वळले.

दक्षिणेचा उतार जावयाने सांगितला होता तसाच होता. पाय ठेवायला जागा नव्हती. आणि प्रत्येक खळग्याशेजारी दगडावर चुन्याचा एक बोटभर ठिपका होता.

"ही अप्पांची पद्धत," होडीवाला म्हणाला. "मोजलं की ठिपका. नाहीतर एकच घरटं दोनदा मोजलं जातं."

बाई ठिपक्यांच्या मागोमाग चढत गेल्या. पाठीच्या कण्यासारखी खडकांची रांग बेटाच्या मधोमध होती. तिच्या अलीकडे सगळीकडे ठिपके. त्या पलीकडे उतरल्या. उत्तरेलाही घरटी होती, अंडी होती, चोची होत्या. ठिपका एकही नव्हता.

अप्पांनी अर्धंच बेट मोजलं होतं. ज्याची मोजणी संपलीच नाही, त्याने शेवटचा आकडा कुठून पाठवला?

खोलीच्या खिडकीजवळ चार्जरची वायर लोंबत होती. अप्पांचा फोन तिथेच सापडला होता, त्याला कुलूपही नव्हतं; आता तो चौकीत होता. बाईंनी त्याच खिडकीतून, जिथे थोडं नेटवर्क येत होतं तिथून, चौकीत फोन लावला आणि नेमकं काय पाहायचं ते सांगितलं. पलीकडच्या माणसाने अप्पांचा फोन उघडून पाहिला.

"बाई," तो शेवटी म्हणाला, "निरोप शनिवारी गेलाय, हे बरोबर आहे. पण तो लिहून ठेवलाय शुक्रवारी दुपारी. वेळ लावून ठेवली होती. आपण फक्त गेल्याची वेळ पाहिली."

६

बाईंनी दोघांना भिंतीवरच्या आलेखासमोरच बोलावलं. जावई खुर्चीच्या कडेवर बसला होता. प्रमुख उभेच राहिले. त्यांना बैठकीची तयारी करायची होती.

"दोनच मिनिटं," बाई म्हणाल्या. "साहेब, मला एक गणित सोडवून हवंय. अहवालात लिहायचंय. या सूत्रातून या वर्षीची घरटी किती येतात?"

प्रमुखांनी जावयाकडे बोट दाखवलं. "यांना विचारा ना."

"त्यांच्यावर संशय आहे. त्यांचं गणित मी कसं घेऊ?"

हे प्रमुखांना पटलं. त्यांनी खिशातून फोन काढला आणि भिंतीकडे न पाहताच आकडे दाबू लागले. तीनशे दहा. गुणिले. अंगठा पटपट चालत होता, ओठांशी पुटपुट चालू होती. शेवटची कळ दाबून त्यांनी पडद्यावर पाहिलं.

अंगठा तसाच कळेवर राहिला.

"किती आलं?" बाईंनी विचारलं.

त्यांनी फोन छातीशी धरला. जावई उठला, त्यांच्या जवळ गेला आणि त्यांचा हात हळूच खाली करून त्याने पडदा वाचला.

"साहेब," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला, "सोळा नाही. पंधरा घ्यायचे. सोळा घातले की पुढच्या वर्षीचा आकडा येतो."

"जावयाने खोटा आकडा पाठवला असता तर तो सत्तावीसशेच्या आसपास असता," बाई म्हणाल्या. "सूत्र त्यांचं आहे, क्ष म्हणजे काय हे त्यांना झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. होडीवाल्याला आकडा करायचाच असता तर त्याने पंचवीसशे केले असते, नाहीतर सव्वीसशे. हा आकडा अशा माणसाने काढला, ज्याला सूत्र पाठ आहे पण ते कळलेलं नाही. मी आधी फसले. तुमच्या चुकीमुळे तो आकडा कमानीपासून बाजूला पडला आणि खऱ्यासारखा दिसला. बरोबर काढला असतात तर मी पहिल्या झटक्यात पकडला असता."

प्रमुखांनी मऊ आवाजात सुरुवात करून पाहिली. "योगायोग असू शकतो. अप्पांनीच वेळ लावून—"

"वेळ लावून ठेवल्याचं मी बोललेच नाही, साहेब."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"आणि अप्पांनी शुक्रवारी लावला असता," बाई पुढे म्हणाल्या, "तर अर्धं बेट मोजायचं राहिलेलं असताना त्यांना पूर्ण आकडा कसा कळला? दक्षिणेलाच ठिपके आहेत. तुम्ही मला सांगितलंत, अप्पा धक्क्यापर्यंत आले. होडीवाल्याला सांगितलंत, त्यांचं डोकं दुखतंय."

प्रमुख खाली बसले. कुणीतरी दोऱ्या कापल्यासारखे बसले.

"ते आनंदात होते," ते म्हणाले. "मला कड्यावर घेऊन गेले, दाखवायला. म्हणाले, एका बाजूलाच दोन हजारांच्या वर भरली, पाहा, परत आली सगळी. लहान पोरासारखे हसत होते. बैठकीत समितीला मीच सांगतो म्हणाले. चौदा महिने मी त्या लोकांच्या दारात उभा होतो. इमारत मंजूर झाली होती. आणि हे माझ्याकडे पाठ करून पक्षी दाखवत होते." त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. "दगड हातात केव्हा आला, खरंच मला आठवत नाही."

"निरोप लिहिलेला आठवतो का?"

त्यांनी हातातला फोन पालथा करून गुडघ्यावर ठेवला.

७

समितीची बैठक पुढे ढकलली गेली. खरा आकडा आल्याशिवाय ती होणार नव्हती, आणि खरा आकडा आणायला आता दोनच माणसं होती.

पंचनाम्याचं उरलेलं काम उरकायला बाई बेटावर गेल्या, तेव्हा ती दोघं उत्तरेच्या उतारावर होती. दोघांच्या डोक्याला फडकी गुंडाळलेली. मुलगी पुढे होऊन घरटं दाखवत होती, जावई वाकून चुन्याचं बोट टेकवत होता आणि आकडा मोठ्याने म्हणत होता. पक्ष्यांच्या कालव्यात एकमेकांना ऐकू जावं म्हणून त्यांना एकमेकांना खेटून चालावं लागत होतं.

बाई खडकावर बसल्या. त्यांचं काम संपलं होतं, पण पाय निघेना.

"नऊशे एक्केचाळीस," जावई म्हणाला.

मुलगी पुढच्या घरट्याशी थांबली, पण तिने ते दाखवलं नाही.

"शर्टाचं मीच सांगितलं त्यांना," ती म्हणाली. "तुम्ही केलं असेल असं मला वाटलं. पुरते दोन दिवस वाटत होतं. तुमच्या शेजारी झोपले तेव्हाही."

तो वाकलेला होता तसाच राहिला. एक पक्षी त्याच्या पाठीवर झेपावला, चोच मारून गेला, पुन्हा आला. त्याने हात वर केला नाही.

"मला सुटल्यासारखं वाटलं होतं," तो म्हणाला. "आकडा आला तेव्हा. तेही तुला कळायला हवं."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. बाईंना वाटलं, आता ही ओरडेल, नाहीतर रडेल, नाहीतर उतरून होडीकडे निघून जाईल. वाऱ्याने तिच्या डोक्याचं फडकं सुटलं होतं. तिने ते दोन्ही हातांनी घट्ट बांधलं, बराच वेळ लावून बांधलं.

"किती झाले म्हणालात?" तिने विचारलं.

"नऊशे एक्केचाळीस."

"हे बेचाळीस," ती म्हणाली, आणि खाली बोट दाखवलं.